सातबाऱ्यावर कुणाचं नाव होतं?



मागच्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई पिशवीतून सातबाऱ्याचा उतारा काढून माझ्यासमोर धरून बसली. नवरा वारून दोन वर्षं झालीत. उताऱ्यावर मेलेल्या सासऱ्याचं नाव, त्याखाली दोन दिरांची. हिच्या नवऱ्याचं नाव लागलंच नव्हतं, मग हिचं कुठून लागणार? राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं काम मात्र वीस वर्षं हीच करते. आता शेताच्या कडेने मोजणी झाली, मोबदला येणार म्हणतात, आणि घरात बोलणं बंद झालंय. ती म्हणाली, "हे असं पहिल्यापासूनच होतं का गं?"

मी बीएला इतिहास घेतला होता, पण त्या पुस्तकांत आपल्या तालुक्याचं पान नव्हतं. नंतर जे वाचलं आणि म्हाताऱ्या माणसांकडून जे ऐकलं, ते आज सांगते.

आपल्याकडे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी घरांत मिळकत म्हणजे काय होती? कारवीच्या कुडाचं शेणाने सारवलेलं घर, बैलजोडी असली तर असली, चार कोंबड्या आणि कणगीतलं भात. त्या भातात कणसरी राहते, म्हणून कणगीला पाय लावायचा नाही हे आपण लहानपणी ऐकलंय. जमीन ही कागदावरची वस्तू आहे हे आपल्या लोकांना इंग्रजांच्या मोजणीनंतर कळलं. सारा रोख पैशात भरायचा आला आणि पैसा सावकाराकडे होता. शिवाय जंगल सरकारी झालं. राबासाठी पालापाचोळा आणायचा तरी रखवालदाराची भीती.

पावसाळ्यात कणगी रिकामी झाली की सावकाराकडून खावटी आणायची. मणाला दीड मण, कधी दोन मण भात सुगीला परत द्यायचं. ते फिटलं नाही की कागदावर अंगठा. अशा अंगठ्यांनी डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतल्या कितीतरी जमिनी सावकार-जमीनदारांच्या नावावर गेल्या, आणि कालचा मालक त्याच शेतात खंडकरी झाला. जमीनदारांनी पुष्कळ जमिनीवर गवत राखलं. मुंबईत तेव्हा घोडे आणि दुभती जनावरं ठेवणारे खूप होते, त्यामुळे गवताला चांगला भाव होता. कापायला आपलेच लोक, तेही बरेचदा वेठीने, म्हणजे फुकट.

लग्नगडी हा शब्द आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिलाय. लग्नाला कर्ज काढायचं आणि ते फेडायला धन्याकडे राबायचं. कर्ज नवऱ्याच्या नावावर, पण राबायला बायकोही जायची. शेण काढायची, भात कांडायची, आणि धन्याची नजर वाईट असली तर तिला कुणी वाली नसायचा. १९३८ च्या सुमाराला सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारला अहवाल दिला, त्यातही ही वेठ आणि लग्नगडीची पद्धत नोंदलेली आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं. कर्जात मोजलं न जाणारं काम बाईचं, हे मला त्यातलं सगळ्यात टोचलं.

मग १९४५ साल आलं. किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात पायी फिरत होते. २३ मे १९४५ रोजी झरी गावात मोठी सभा झाली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं, आता तलासरीत आहे. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं तिथे ठरलं आणि लोकांनी ते पाळलं. त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर गवतकापणीचा संप झाला. मागणी होती पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय. ज्यांना वाचता येतं त्यांनी गटात मोठ्याने वाचावं.

वेठ गेली. जमीन यायला वेळ लागला. १९४८ चा कुळकायदा, मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारा कूळ मालक झाला असं कायदा म्हणाला. पण खंड तोंडी ठरलेला, पावती कुणाकडे नाही, म्हणून बरेच जण सुटले. आदिवासींची गेलेली जमीन परत मिळावी म्हणून १९७४ चा कायदा आला, तो १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातल्या हस्तांतरांना लागू होता. आता नीट बघा: या सगळ्यात कूळ म्हणून नाव लागलं ते घरातल्या पुरुषाचं. लढ्यात बाया होत्या, गवत बायांनी कापलं, पण फेरफारात त्या कुठे दिसत नाहीत.

तिकडे बोईसर-तारापूरला वेगळीच गोष्ट. साठच्या दशकात अणुशक्ती केंद्र आलं, १९६९ साली वीज सुरू झाली. नंतर कारखान्यांची वसाहत वाढली. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. गाव उठतं तेव्हा कागदावर नाव असलेल्याला मोबदला मिळतो. मासळी सुकवायची जागा, अंगणातली भाजी, विहिरीवरचा शेजार, यांचा सातबारा नसतो.

जगात सगळीकडे असंच आहे का? नाही. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या पश्चिमेला मिनांगकाबाऊ नावाचे लोक राहतात. आपल्यासारखेच भातशेती करणारे, धर्माने मुसलमान. त्यांच्यात वडिलोपार्जित भातखाचरं आणि मोठं घर आईकडून मुलीकडे जातं. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी येतो. ती जमीन एकट्याने विकता येत नाही, कुळातल्या सगळ्यांची संमती लागते. कारभारात मामाचा शब्द चालतो हे खरं, म्हणजे तिथेही सगळं बाईच्या हातात नाही. पण नवरा मेला म्हणून बाई बेघर होत नाही. हे मी गटात सांगितलं तर आमची अध्यक्षा म्हणाली, "मग आपल्या पोरी तिकडेच देऊ या!" खूप हसलो.

आता आपल्याकडचं. हिंदू वारसा कायद्याने महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, पण तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांच्यात रूढी चालते, आणि रूढी सांगणारे बहुतेक पुरुषच असतात. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बाईला डावलण्याची रूढी सिद्ध झाली नसेल तर तिला हिस्सा नाकारता येणार नाही. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात मात्र स्पष्ट लिहिलंय की लग्न झालेल्याचा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर द्यायचा. तुमच्या घरी पट्टा असेल तर आज रात्री तो काढून बघा, तुमचं नाव बरोबर लिहिलंय का. आमच्या गावात एकीचं नाव तिच्या सासूचं पडलं होतं.

त्या ताईचं काम सुरू केलंय. सासऱ्याचा मृत्यूचा दाखला मिळाला, नवऱ्याचाही आहे, वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिला. पोच घेतली, तीवर शिक्का मारून घेतला. धाकट्या दिराने सही करायला होकार दिलाय, थोरला अजून बोलत नाही. पुढच्या मंगळवारी आम्ही पाचजणी त्याच्याकडे जाणार आहोत, चहाला.