अंगणातील गाडीखाना



घराच्या मागील अंगणात, मुख्य वास्तूपासून दहा-पंधरा पावलांवर उभे असलेले एखादे जुने गॅरेज ठेवावे की पाडावे, हा प्रश्न इतिहासाच्या व्याख्यानास शोभणारा नाही, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटेल. राज्यांचे उदयास्त, लढाया आणि तह यांच्यापुढे चार खांबांच्या त्या छपराची प्रतिष्ठा ती काय? तथापि इतिहास राजवाड्यांत जितका राहतो, तितकाच तो परसदारीही राहतो. आणि परसदारचा इतिहास न पाहता निर्णय घेणारा गृहस्थ बहुधा पश्चात्ताप तरी करतो, नाहीतर उगाच हळहळत तरी बसतो. म्हणून आज हाच साधा प्रश्न घेऊन आपणांपुढे आलो आहे.

हा प्रश्न मला आमच्याच घरात भेटला. नवापूर येथील आमच्या घरामागे एक कौलारू गाडीखाना आहे. आजोबांनी तो बांधला तो दमणीसाठी. पुढच्या अर्ध्या भागात दमणी उभी राही, मागच्या अर्ध्यात बैलजोडी बांधलेली असे. खांब सागाचे आहेत; डांगच्या रानाला लागून असलेल्या आमच्या मुलखात त्या काळी सागाची वाण नव्हती. पुढे बैल गेले, दमणी मोडीत निघाली आणि वडिलांनी त्या जागी एक जुनी अँबॅसडर आणून उभी केली. त्या दिवसापासून गाडीखान्याचे 'गॅरेज' झाले. बदलले ते केवळ नाव. आज ती मोटारही नाही. नवी मोटार आहे, पण ती अंगाने इतकी रुंद की साडेसहा फुटांच्या त्या दारातून तिचा प्रवेश होत नाही. ती बाहेर उन्हातान्हात उभी असते, आणि तिच्यासाठी म्हणून असलेल्या खोलीत जुन्या खाटा, रिकामे डबे व एक मोडका पाळणा आहे. गेल्या दिवाळीस आम्ही सारी भावंडे जमलो असता थोरले बंधू, आमचे दादा, म्हणाले, "हे आता पाडू या. मुलाचे लग्न व्हायचे आहे, त्याला दोन खोल्या काढून देऊ." आई काही बोलली नाही. ती उठून आत गेली, आणि तिचे न बोलणे आम्हा सर्वांस बोलण्यापेक्षा जड झाले.

दादांचे म्हणणे मुळीच अविचाराचे नव्हते. ज्या कामासाठी वास्तू बांधली ते काम संपले, तर वास्तूने राहावे कशाला? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो आणि मराठी दौलतीच्या अठरा कारखान्यांपाशी जाऊन पोचलो. पीलखाना हत्तींचा, उष्ट्रखाना उंटांचा, फरासखाना तंबू, राहुट्या आणि बिछायतीचा, अशी ही व्यवस्था होती. ज्याला स्वतंत्र देखरेख लागते, त्याला स्वतंत्र ठिकाण, हे तिचे सूत्र. दौलत गेली, हत्ती-उंट गेले. पण पुण्यात फरासखाना आजही आहे आणि तेथे पोलिसांचे ठाणे आहे. तेथील शुक्रवार पेठेत मंडईच्या बाजूस महापालिकेचे आरोग्यकेंद्र आहे. लोक त्यास अजूनही 'गाडीखाना' म्हणूनच ओळखतात. मुलाला लस टोचावयास निघालेल्या मातेस तेथे गाड्या कोणाच्या होत्या हे ठाऊक नसते, आणि त्यावाचून तिचे काही अडतही नाही. रहिवासी बदलतो, 'खाना' राहतो.

हा धडा घेण्यास नवापूरकरांनी पुण्यास जावयास नको. आमचे रेल्वे स्थानक तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर, सुरत आणि भुसावळ यांच्या दरम्यान आहे. लोहमार्ग टाकला गेला तेव्हा येथे दोन राज्यांची ही सीमा नव्हती. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये वेगळी झाली आणि सीमेची रेघ नेमकी स्थानकावरून गेली. एकाच फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तिकिटाची खिडकी या राज्यात, तर स्टेशनमास्तरांची कचेरी त्या राज्यात. सीमा बदलली म्हणून कोणी फलाट उखडला नाही. उतारू एका राज्यात तिकीट काढतो आणि चार पावले चालून दुसऱ्या राज्यात गाडीची वाट पाहत बसतो.

पण केवळ जुने म्हणून राखावे, असे म्हणणेही न्यायाचे नव्हे. मूळ प्रश्न वेगळाच आहे: गाडीखाना घरापासून दूर का बांधीत? कारण घराला जे सोसत नाही, ते त्यात ठेवावयाचे असे. जनावरांबरोबर शेण, माश्या आणि गोचीड येत. कडब्याच्या गंजीस ठिणगी लागली तर ती घरापर्यंत पोचू नये, ही काळजी असे. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्ल बेंझ यांनी जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार मुंबईतही आली. श्रीमंतांनी तिला घोड्यांच्या जागी नेऊन ठेवले, ते केवळ सवयीने नव्हे. त्या काळी पेट्रोल डब्यांतून विकत आणून घरी साठवावे लागे. त्याची वाफ आणि कंदिलाची ज्योत यांची गाठ पडली की अनर्थ. घोड्याचा वास गेला, पण आगीचे भय राहिले. म्हणून अंतरही राहिले. 'गॅरेज' हा शब्द फ्रेंच आहे, आणि ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ आसऱ्याला नेणे, सुरक्षित ठेवणे असा आहे. त्या शब्दात मोटार कोठेच नाही!

पुढे अंतराची कारणे एकामागून एक नाहीशी झाली. १९१२ साली अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीस विजेवर सुरू होणारे यंत्र बसविण्यात आले आणि हाताने दांडा फिरविण्याचा जाच गेला. पेट्रोलचे पंप ठिकठिकाणी झाले, घरात डबे साठविण्याचे कारण उरले नाही. मोटारींची अंगेही पत्र्याने बंदिस्त झाली. त्या पाऊसपाण्यात उभ्या राहू लागल्या. परदेशांत गॅरेज हळूहळू घराला येऊन चिकटले. आपल्या शहरांत तर इमारतीच उंच खांबांवर उचलून मोटारींना घराखालीच जागा दिली गेली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार ही मध्यम स्थितीतील कुटुंबाचीही वस्तू झाली. ती वाड्याच्या दारात, गल्लीच्या कडेला, जेथे जागा मिळेल तेथे राहू लागली. अँबॅसडरचे उत्पादनही २०१४ साली थांबले. तेव्हा मोटारीपुरते पाहिले, तर दूरच्या गॅरेजची गरज संपली आहे, हे दादांचे म्हणणे इतिहास मान्यच करतो.

पण घराला न सोसणाऱ्या गोष्टी मोटारीबरोबर संपल्या काय? अमेरिकेत पालो आल्टो या गावी एका घराच्या मागे १२ फूट बाय १८ फूट असे एक लहानसे स्वतंत्र गॅरेज आहे. १९३८ साली ह्यूलेट आणि पॅकार्ड या दोन तरुणांनी तेथे आपले काम मांडले. ठोकाठोक, डाग देण्याचा धूर, तारांचा पसारा हे सारे बैठकीच्या खोलीत कोण चालू देईल? १९३९ च्या आरंभी त्यांनी आपली कंपनी स्थापिली. १९८७ साली कॅलिफोर्निया राज्याने ते गॅरेज ऐतिहासिक स्थळ म्हणून नोंदले. आणि २००० साली त्याच कंपनीने ते घर गॅरेजसकट विकत घेतले. त्या छपराचे मोल छपरात नव्हते, त्याच्या वेगळेपणात होते.

दुसरा दाखला आमच्या गावचाच आहे, आणि तो कडू आहे. नवापूर कुक्कुटपालनासाठी प्रसिद्ध आहे. १८ फेब्रुवारी २००६ रोजी येथील कोंबड्यांत बर्ड फ्लूचा रोग असल्याचे जाहीर झाले. भारतातील ती पहिलीच साथ. लाखो पक्षी मारून पुरण्यात आले आणि लांबच लांब शेडी रित्या झाल्या. रोजच्या कलकलाटाची सवय असलेल्या गावास ती शांतता असह्य होती. व्यवसाय पुन्हा उभा राहिला. पण २०२१ च्या फेब्रुवारीत रोग परत आला आणि तीच कत्तल पुन्हा करावी लागली. म्हणजे वेगळी वास्तू असली म्हणून संकट टळतेच असे नाही. तिच्यात काय ठेवतो आणि ते किती स्वच्छ ठेवतो, यावर सारे अवलंबून असते. भिंतीला स्वतःचे पुण्य नसते.

या दोन साथींच्या मध्ये तिसरी साथ आली, ती माणसांची. २०२० साली दादांना खोकला आणि ताप आला, तपासणीत कोरोना निघाला. घरात आई ऐंशीच्या घरातील, आणि दोन खोल्यांतून सहा माणसे. दादांनी स्वतःच खाट उचलली आणि ते गाडीखान्यात जाऊन राहिले. चौदा दिवस आई मागच्या दारात उभी राहून त्यांच्याशी बोले. ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरे. ज्या अंतरावर आजोबांनी बैल बांधले होते, त्याच अंतराने आईचा जीव राखला, असे मी म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होऊ नये. दिवाळीस ती न बोलता आत का गेली, हे मला उशिरा उमगले.

मग निर्णय कसा करावा? माझ्या अल्पबुद्धीस तीन प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला: वास्तू खरोखर उभी आहे काय? आमच्या भागात उर्वरित खानदेशाहून पाऊस अधिक. कौले सरकली की वासे कुजतात आणि वाळवी चढते. खांबांच्या बुडाशी टोकदार हत्यार खुपसून पाहावे; ते सहज आत गेले तर भावनेला विचारू नये. छपरावर ॲस्बेस्टॉसचे जुने पत्रे असतील तर ते फोडून काढू नयेत, ओले करून अखंड उतरवावेत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असते. दुसरा: पाडल्यावर त्याच जागी पुन्हा बांधता येईल काय? जुने गाडीखाने बहुधा हद्दीला टेकून बांधलेले असतात, आणि आजच्या नियमांनुसार बाजूस मोकळी जागा सोडावी लागते. म्हणून पहार लावण्यापूर्वी नगरपरिषदेत चौकशी करावी. गेलेली जागा केवळ पश्चात्तापाने परत मिळत नाही. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: आपल्या घरात असे काही आहे काय, की ज्याला घरापासून वेगळे ठिकाण हवे? एखाद्या मुलाची सुतारकामाची हौस, एखाद्या सुनेचा पापड-मसाल्यांचा उद्योग, परीक्षेचा अभ्यास, आजारपण. याचे उत्तर मनापासून 'नाही' असे आले, तर गाडीखाना सुखाने पाडावा. त्यात पूर्वजांचा अवमान नाही. त्यांनीही तो सोयीसाठीच बांधला होता, देवळासाठी नव्हे.

आम्ही खांब तपासले. मागचा, बैलांचा भाग वाळवीने पोखरलेला निघाला. तो या उन्हाळ्यात उतरवला. पुतण्याच्या दोन खोल्या घराला जोडून, त्या मोकळ्या झालेल्या बाजूस होतील. पुढचा भाग शाबूत आहे. त्याला नवी कौले घातली, एक खिडकी काढली आणि विजेचा दिवा नेला. हा तोडगा सुचविला तो दादांनीच. कौले चढत होती त्या दिवशी आईने तेथली जुनी खाट धुऊन उन्हात टाकली, आणि मोडका पाळणा मात्र सुताराकडे धाडला.

मोटार अजूनही बाहेरच उभी असते. गाडीखान्यात जागा आहे ती माणसांसाठी.