विस्मृत संगीतकाराचे सॅक्सोफोन-संगीत व वाद्यवृंदरचना : ज्यूल देमेर्समन यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :
जुन्या रचनेला नव्याने वाद्यवृंदाचे रूप देणे हे वरवर पाहता केवळ संगीतकाराचे काम वाटते. तथापि मूळ रचना कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली याचा विचार केल्यास तो इतिहासलेखनाचाही प्रश्न ठरतो. फ्रेंच बासरीवादक व संगीतकार ज्यूल देमेर्समन (१८३३-१८६६) यांच्या सॅक्सोफोन-रचनांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चर्चा केली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मूळचे बेल्जियमचे वाद्यनिर्माते अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ मध्ये फ्रान्समध्ये सॅक्सोफोनचे पेटंट मिळविले. तत्पूर्वी १८४२ मध्येच संगीतकार बर्लिओझ यांनी वृत्तपत्रातून या वाद्याची प्रशंसा केली होती. असे असूनही सिंफनी वाद्यवृंदात त्यास कायमचे स्थान लाभले नाही. आश्रय मिळाला तो लष्करी बँडमध्ये. १८५७ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय संगीत विद्यालयात लष्करी विद्यार्थ्यांसाठी सॅक्सोफोनचा वर्ग सुरू झाला व तेथे सॅक्स अध्यापन करू लागले. नव्या वाद्यासाठी रचना मात्र फारशा उपलब्ध नव्हत्या. ही उणीव दूर करण्यासाठी सॅक्स यांनी स्वतः प्रकाशनाचे कार्य हाती घेतले. देमेर्समन यांची स्वतंत्र कल्पनेवरील 'फँटसी' (१८६०) याच प्रयत्नांचे फलित होय. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या काळात हा वर्ग बंद पडला आणि १९४२ मध्ये मार्सेल म्यूल यांच्या नेतृत्वाखाली पुन्हा सुरू झाला. सुमारे ७२ वर्षांच्या या खंडामुळे अध्यापनाची परंपरा तुटली.

वाद्यवृंदरचनेतील प्रश्न :
या रचनांना साथ आहे ती पियानोची. वर्गातील अध्ययन व परीक्षा यांसाठी तीच सोयीची होती. म्हणजेच पियानोची साथ ही केवळ संगीतकाराची आवड नसून वाद्याच्या तत्कालीन सामाजिक स्थानाची निदर्शक आहे.

आज वाद्यवृंदरचना करताना काही अडचणी उद्भवतात. पियानोचा स्वर आघातानंतर लगेच विरू लागतो. व्हायोलिनचा स्वर मात्र हवा तितका लांबविता येतो. पियानोतील स्वरसमूह जसेच्या तसे तंतुवाद्यांना दिल्यास साथ जड होते. शिवाय हॉर्न, व्हिओला व क्लॅरिनेट यांचे स्वर आल्टो सॅक्सोफोनच्या मध्य स्वरक्षेत्रातच येत असल्याने एकलवादन झाकोळते. म्हणून मंद्र स्वर तारा छेडून वाजविणे, एकलवादनाखाली मोजकीच वाद्ये ठेवणे आणि वादक थांबतो तेथेच पूर्ण वाद्यवृंद योजणे इष्ट ठरते. विसाव्या शतकातील जाझमुळे या वाद्याशी जोडली गेलेली स्वरसंगती येथे आणल्यास कालविपर्यास घडेल.

निष्कर्ष :
वाद्यवृंदरचनेमुळे विस्मृत संगीत श्रोत्यांपर्यंत पोहोचते, हे निर्विवाद आहे. परंतु सॅक्सोफोनला त्या काळी वाद्यवृंदाची दारे बहुतांशी बंद होती, ही वस्तुस्थिती नव्या भरजरी रूपाने पुसली जाण्याचा धोकाही आहे. यास्तव नव्या रचनेसोबत मूळ पियानो-संहिता प्रकाशित करणे आणि भर कोठे घातली आहे ते स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे. पुनरुज्जीवन आणि पुरावा या दोहोंचे रक्षण तेव्हाच शक्य होईल.