चांदबिबीचे सोन्याचे गोळे आणि तोफखान्याविषयींचे इतर प्रवाद

अहमदनगर, म्हणजे हल्लीचे अहिल्यानगर, येथील भुईकोट किल्ल्याविषयीं एक आख्यायिका आबालवृद्धांच्या तोंडी आहे. शहाजादा मुराद याने इ. स. १५९५ च्या अखेरीस किल्ल्यास वेढा घातला असता तोफांचे गोळे सरले. तेव्हां चांदबिबीने प्रथम तांब्याचीं, मग रुप्याचीं, मग सोन्याचीं नाणीं आणि अखेर स्वतःचे जडजवाहीर तोफांत घालून शत्रूवर झाडिलें, असें ती सांगते. जुन्या इतिहासग्रंथांतही ही दंतकथा नमूद आहे. प्रस्तुत लेखकानेही शिक्षक असतां ती अनेक वर्षें मोठ्या रसाने वर्गांत सांगितली. एके दिवशीं एका विद्यार्थ्याने विचारिलें, "गुरुजी, गोळे संपले, मग दारू कशी संपली नाहीं?" त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. पुढील विवेचन हें त्याचें उशिराचें उत्तर आहे.

नैयायिक ऐतिह्यास स्वतंत्र प्रमाण मानीत नाहींत. त्याचा ते शब्दांत अंतर्भाव करितात, आणि शब्दास प्रामाण्य येतें तें वक्ता आप्त असल्यास. ज्या वचनाचा मूळ वक्ताच ठाऊक नाहीं, त्याची परीक्षा वस्तुस्वभावावरूनच केली पाहिजे.

नाणीं तोफेंतून उडत नाहींत असें मुळींच नाहीं. इ. स. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत चलबी रूमीखानाच्या हाताखालील तोफांत तांब्याच्या पैशांच्या थैल्या भरून जवळून मारा केल्याचें फेरिस्ता लिहितो. तें शक्य दिसतें. तांबें पाण्याच्या सुमारें नऊपट जड असून, चाल करून येणाऱ्या दाट जमावावर जवळून सुटलेलीं नाणीं छऱ्यांचें काम करितात. सोनें तर एकोणीसपटीहून जड, तेव्हां तेंही उडेल. रत्नें मात्र हलकीं व ठिसूळ. त्यांचा उपयोग थोडाच.

परंतु प्रश्न शक्यतेचा नसून गरजेचा आहे. छऱ्यांच्या कामास दगडांचे तुकडेही चालतात. सुरुंग उडून तट ढासळला, तेव्हां असे तुकडे खिंडारांतच पडलेले होते. वेढ्यांत खरी चणचण दारूची. सोरा, गंधक व कोळसा यांचें काम मोहरांनीं होत नाहीं. जिच्याजवळ दारू आहे तिला गोळ्यांऐवजीं सोनें घालण्याचें कारण नाहीं, आणि जिच्याजवळ दारू नाहीं तिला सोनें घालून उपयोग नाहीं. चांदबिबीचें खरें शौर्य याहून मोठें आहे. शत्रूचे दोन सुरुंग किल्लेकऱ्यांनी आंतून शोधून निकामी केले. तिसरा उडाला, तेव्हां ती स्वतः खिंडारावर उभी राहिली आणि तो तट रातोरात बुजविला गेला. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला, पण १५९६ त किल्ला वांचला.

दुसरा प्रवाद नगरांतच ओतलेल्या मुलूखमैदान तोफेचा. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाच्या कारकीर्दींत, इ. स. १५४९ त, महंमद रूमी याने ती ओतली. पुढें ती परंड्यास होती व तेथून १६३२ त विजापुरास गेली. तिची लांबी सुमारें १४ फूट असून वजन सुमारें ५५ टन मानितात. तींत सोनें-रुपें ओतल्याची वदंता आहे. पण परीक्षेंत तांबें सुमारें ८० व कथील सुमारें २० भाग, म्हणजे घंटेचीच धातु, आढळली. बत्ती देतांच गोलंदाज कान वांचविण्यास पाण्याच्या टांक्यांत उडी घेई, अशी दुसरी वदंता. तोफेजवळ पाणी लागतें हें खरें, परंतु तें तोफेसाठीं. बार झाल्यावर नळींत निखारे राहतात. ओल्या बोळ्याने ते विझविल्यावांचून नवी दारू घातल्यास ती भरणाऱ्याच्याच अंगावर पेट घेते.  

मग तोफखाना राखीत तरी कसा? याचें उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या, इ. स. १७१५ च्या सुमारच्या आज्ञापत्रांत आहे. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. त्यांत तळघर करून दारूचीं मडकीं माचावर ठेवावीं. सर्दी लागूं देऊं नये. आठपंधरा दिवसांनीं दारू बाहेर काढून ऊन द्यावें व पुन्हा मुद्रा करून ठेवावी. पावसाळ्यांत तोफांस तेलमेण देऊन त्यांचे काने मेणाने भरावे, वरून आच्छादन घालावें, असा त्यांतील गडाविषयींच्या उपदेशाचा आशय आहे. यांत चमत्कार कांहींच नाहीं. परंतु आषाढाच्या पावसांत दारूचें एक मडकें कोरडें राहण्यावर किल्ला राहणें वा जाणें अवलंबून असे.

म्हणून दप्तरें बाळगणाऱ्या सज्जनांस एक विनंती आहे. रुमाल सोडतांना बखरी व सनदा आपण जपून ठेवितों. तेल, मेण, सोरा, मडकीं यांच्या यादी मात्र रद्दींत घालितों. सोन्याच्या गोळ्यांची कथा आपोआप टिकते; तिला राखणारे पुष्कळ आहेत. मेणाच्या यादीस आपल्यावांचून कोणी नाहीं. असा एखादा जीर्ण बंद हातीं आल्यास तो टाकूं नये, त्याची नक्कल करावी. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें पुरें उत्तर अशाच एखाद्या बंदांत असावयाचें.