मुखनिर्मिती, भ्रूणातील

प्राण्याच्या भ्रूणात अन्नमार्गाचे अग्रद्वार तयार होण्याची क्रिया. तिच्या अभ्यासाचा पाया क्रिस्टिआन पांडर यांनी १८१७ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील स्तर ओळखले तेव्हा घातला गेला. कोशिकांचा पोकळ गोल एका बाजूने आत वळून आद्यांत्र बनते व त्याच्या द्वाराला आद्यांत्रछिद्र म्हणतात. दोन स्तरांची ही अवस्था सर्व बहुकोशिक प्राण्यांच्या समान पूर्वजाची आठवण होय, असे एर्न्स्ट हेकेल यांनी १८७४ च्या सुमारास प्रतिपादन केले.

या छिद्राचे पुढे काय होते, यावरून १९०८ मध्ये कार्ल ग्रोबेन या ऑस्ट्रियन प्राणिवैज्ञानिकांनी द्विपार्श्व प्राण्यांचे दोन गट केले. छिद्राचे मुख होते ते आद्यमुखी (उदा., वलयी, मृदुकाय) आणि तेथे गुदद्वार होऊन मुख अन्यत्र नव्याने फुटते ते द्वितीयमुखी (उदा., कंटकचर्मी, रज्जुमान). दुसरा प्रकार पावसाळ्याच्या आरंभी कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या डबक्यांतील बेडकांच्या अंड्यांत भिंगाखाली पाहता येतो. अंड्याच्या एका बाजूस पीतकाचा पांढरट खुंटा दिसतो, ते आद्यांत्रछिद्र. गुदद्वार त्याच्या परिसरात होते. मुख विरुद्ध टोकाला व बऱ्याच उशिरा होते. बाह्यस्तराचा खळगा (मुखगर्त) आद्यांत्राला भिडतो आणि मधला पातळ पडदा फाटतो. नुकत्याच बाहेर पडलेल्या भैकेराचे तोंड बंदच असते; तो वनस्पतीला चिकटून उरलेल्या पीतकावर जगतो. मानवी भ्रूणात असा पडदा चौथ्या आठवड्यात फाटतो.

ग्रोबेन यांची विभागणी पाठ्यपुस्तकांना सोयीची ठरली, निसर्गाला मात्र तितकीशी नाही. व्हिव्हिपॅरस ही गोगलगाय मृदुकाय असूनही तिच्यात छिद्राच्या जागी गुदद्वार होते, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. काही प्राण्यांत छिद्र लांबट होऊन मध्येच मिटते व दोन्ही टोकांना दोन द्वारे उरतात. प्रायापुलस हा सागरी कृमी आद्यमुखींत मोडतो; तरी त्याचे मुख द्वितीयमुखींप्रमाणे बनते, असे २०१२ मध्ये दिसून आले. रेणवीय पुराव्याने दोन्ही वंशशाखा बव्हंशी टिकल्या. त्यांची नावे मात्र आता लक्षणदर्शक मानता येत नाहीत.

हायड्राचे मुख याहून वेगळे. भक्ष्य नसताना ते पूर्ण सांधलेले असते व प्रत्येक वेळी नव्याने उघडते. मुखाभोवतालचा तुकडा दुसऱ्या हायड्रावर रोपला असता तेथे नवे शीर्ष उगवते, हे एथेल ब्राउन यांनी १९०९ मध्ये दाखविले. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत हायड्राच्या विकासावर संशोधन झाले असून तेथील हायड्रा व्हल्गॅरिसचा एक वाण ‘इंड-पुणे’ या नावाने ओळखला जातो.