मचाण कुणी बांधलं?

शिकारीच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच वाचल्यात. साहेब मचाणावर बसतो, चांदणं पडतं, सांबर पाण्यावर येतं, बार होतो. गोष्ट खलास. मचाण मात्र झाडाला फळ धरावं तसं आपोआप लागलेलं असतं. ते कुणी बांधलं, हे लिहायची कुणाला गरज वाटली नाही.

मित्रहो, मचाण म्हणजे नुसती फांदीवर टाकलेली खाट नव्हे. आधी जनावराची वाट हेरायची. खूर, लेंड्या, शिंगं घासलेली झाडं बघायची. वारा कुठून येतो ते धरून झाड निवडायचं, कारण हरीण वर क्वचितच बघतं, पण माणसाचा वास त्याला लांबून लागतो. मग दोन-अडीच पुरुष उंचीवर खाट नाहीतर बांबू आवळायचे, पाल्याचा आडोसा करायचा. समोरची झुडपं तोडून गोळीला वाट करायची. फार तोडलं तर जनावर बुजतं. वाळलं गवत जाळलं की कोवळा फुटवा येतो, त्यावर चितळं उतरतात. खारी माती चाटायला सांबरं येतात. हाक्याची शिकार असली तर डबे-ढोल बडवत माणसांची रांग झाडीतून चालवायची, आणि जनावर बाजूनं फुटू नये म्हणून कडेच्या झाडांवर माणसं चढवायची. चवताळलेलं रानडुक्कर आडवं आलं तर ते रांगेतल्या माणसाच्या अंगावर. मचाणावरचा सुखरूप.

हे सगळं ज्ञान रानात पायपीट करून कमावलेलं. पुस्तकात ते बंदूकवाल्याच्या नावावर चढलं.

राबणारे कोण? अंमलदाराचा तळ पडला की गावगाड्यात धावायचा तो महार. सरपण आण, गवत आण, ओझं वाह, वाट दाखव. याला म्हणे वतन! जंगलपट्ट्यात गोंड, कोरकू. वनग्रामात राहायचं तर जंगलखातं बोलावील तेव्हा कामाला जायचं, ही अटच.

आता १८७८ साल बघा. एकाच वर्षी दोन कायदे आले, जंगलाचा आणि हत्यारांचा. पहिल्यानं राखीव जंगलात गुरं चारणं, आग लावणं, फास मांडणं गुन्हा ठरवलं. दुसऱ्यानं बंदूक परवानेवाल्याच्याच हातात ठेवली. पाच वर्षांनी, १८८३ साली, जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्यानं गायरानं गिळल्याची तक्रार आहे. ती उगाच नव्हे.

फासेपारध्यांचं तर विचारूच नका. त्यांचा धंदाच हरणाचा. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा; १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला आणि पारधी त्यात अडकले. ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून सुटले. मचाणावरून मारलं तर खेळ, फासात धरलं तर गुन्हा. हरीण तेच.

शाहू महाराजांचं नाव इथं घ्यायला पाहिजे. ते पट्टीचे शिकारी. दाजीपूरचं रान कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान. १९५८ साली तिथं अभयारण्य झालं. पण त्याच महाराजांनी १९१८ साली महार वतन मोडलं, पुढं वेठ बंद केली, फासेपारध्यांना पहाऱ्याची नोकरी दिली. मार्च १९२० ला माणगावच्या परिषदेला बाबासाहेब अध्यक्ष आहेत म्हणून ते शिकारीतून मुद्दाम उठून आले होते. माणूस मोठा होता. तरी त्यांच्या रानात हाके घालणाऱ्यांची नावं आपल्याला मिळत नाहीत, हेही तेवढंच खरं.

१९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन दुरुस्तीचं बिल मांडलं. दिवसरात्र केव्हाही बोलावणं यावं आणि मोबदल्याला हाडकी-हाडवळा, एवढ्यावरच त्यांचा घाव होता. वतनं कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. १९७२ च्या कायद्यानं शिकारीला लगाम बसला, १९९१ च्या दुरुस्तीनं हौसेचे परवानेही संपले.

मचाण मात्र गेलं नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री आजही पाणवठ्यांवर मचाणं बांधतात, जनावरं मोजायला. शहरातली माणसं पैसे भरून वर बसतात. यंदा कुणी गेलात तर सकाळी खाली उतरल्यावर बांधणाऱ्याला गाठा. नाव विचारा, आजाचंही विचारा. आजा हाक्याला जायचा का, काय मिळायचं, कोण जायबंदी झालं, सगळं लिहून घ्या आणि आमच्याकडे धाडा.