वारकरी चाल : जतन नेमके कशाचे?

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण आणि बरड मागे टाकून धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्काम करते. त्या एका रात्रीत आमच्या गावात अभंगांच्या जितक्या चाली कानांवर पडतात, तितक्या एरवी वर्षभरात पडत नाहीत. त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, असे अनेकांना वाटते, मलाही वाटते. पण त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. वारकरी चाल म्हणायचे कशाला?

जुनी आणि कर्ता अज्ञात असलेली ती वारकरी, हे सोपे उत्तर. पण राम फाटकांनी पुणे आकाशवाणीसाठी स्वरबद्ध केलेले आणि भीमसेन जोशींनी गायलेले अभंग, तसेच श्रीनिवास खळे यांनी लता मंगेशकरांसाठी बांधलेल्या तुकोबांच्या अभंगांच्या चाली आज भजनी मंडळांत रुळल्या आहेत. कर्ता माहीत आहे म्हणून त्या वगळायच्या, तर पालखी सोहळ्याची शिस्तही वगळावी लागेल. तीही एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेली आहे.

हा पेच केवळ आपला नाही. आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने १९५४ साली लोकसंगीताची व्याख्या करताना तीन कसोट्या मानल्या : परंपरेशी सातत्य, गाणाऱ्यागणिक होणारा बदल आणि समूहाने केलेली निवड. एखाद्या ज्ञात रचनाकाराची रचनाही समूहाने आपल्या मुखात घेऊन नव्याने घडवली, तर ती लोकसंगीत ठरते. जशीच्या तशी उचलली, तर ठरत नाही.

दिंडीत ही घडण ऐकू येते. मध्ये वीणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, सोबत पखवाज. एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी धृपद उचलायचे. लांब तान इथे टिकत नाही. ती सर्वांना पेलत नाही आणि चालताना दमही पुरत नाही. लय पावलांशी बांधलेली असते. शिवाय काकडा, वाराचे अभंग, गौळणी, हरिपाठ असा दिवसाचा क्रम ठरलेला. चालीला त्यात आपली जागा शोधावी लागते. म्हणून माझे म्हणणे असे की, चालीचे वारकरीपण तिच्या उगमात नसून तिला घासूनपुसून घेणाऱ्या या रीतीत आहे.

हे मान्य केले तर जतनाची पद्धत बदलते. एकट्या गायकाला बंद खोलीत बसवून चाल नोंदवली, तर स्वर हाती येतात, रीत निसटते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांचे मोल केवळ संख्येत नाही. ओवीसोबत गाणारीचे आणि गावाचे नाव नोंदले, यात आहे. मात्र घरचे जाते थांबले आणि ओवी तिच्या कामापासून तुटली. वारी अजून चालते आहे. चालीची नोंद तिच्या कामासकट करण्याची संधी आपल्याला आहे.

तेव्हा दिंडी कोणती, प्रहर कोणता, चाल चालताना म्हटली की बसून, धृपद कसे उचलले, हे सारे नोंदवावे. एकाच अभंगाच्या तीन दिंड्यांतल्या तीन चाली शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि त्यांतल्या एकीवरही ‘शुद्ध’ असा शिक्का मारू नये. संग्रहाने एकच चाल प्रमाण ठरवली, तर जे जपायचे तेच त्याच्या हातून मरेल.