स्वप्नातला अधिकार

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आम्ही लहानपणी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली. पुढे कॉलेजात गेल्यावर जवळजवळ हेच मत व्हिएन्ना येथील एका डॉक्टरांनी मोठ्या ग्रंथाच्या रूपाने मांडल्याचे वाचनात आले, आणि घरच्या म्हणीपेक्षा परक्या ग्रंथाचाच आम्हांस अधिक आदर वाटला. वयाचा तो दोष होता. फ्रॉइड यांचा तो ग्रंथ 1899 च्या अखेरीस बाहेर पडला, परंतु त्यावर साल छापले होते 1900. मनात जे वसते ते मनाच्या मालकास ठाऊक असतेच असे नाही, ही फ्रॉइड यांनी आमच्या म्हणीत घातलेली मोठी भर होय.

हे आठवण्याचे कारण असे की, आमचे एक जुने विद्यार्थी परवा भेटीस आले होते. मध्यंतरी त्यांच्यावर बरेच प्रसंग गुदरले. आता ते उशाशी वही ठेवतात, पहाटे जाग येताच स्वप्न टिपून घेतात आणि त्यावरून आपल्या विस्कटलेल्या आयुष्याची घडी पुन्हा कशी बसेल याचा शोध करतात. त्यांनी विचारले, “सर, स्वप्नावर विसंबून चालणे हा शुद्ध भ्रम, की आपल्याकडे याला काही आधार आहे?” त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नीट विचार केल्यावर जे सुचले ते येथे मांडीत आहो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आपले पूर्वज स्वप्नांच्या बाबतीत वाटतात तितके भोळे नव्हते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांपैकी पहिले पाच, म्हणजे जे पाहिले, ऐकले, अनुभवले, इच्छिले किंवा कल्पिले त्यातूनच उपजलेली स्वप्ने, वैद्याने निष्फळ समजावी असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. दिवसा पडलेली, फार लांबलेली व फार आखूड स्वप्नेही त्याच सदरात टाकली आहेत. चाळण इतकी बारीक असता स्वप्नास मार्गदर्शक मानण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, हाच त्यातील बोध होय.

असे असूनही मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तीन स्वप्ने अशी आहेत की, ती वगळल्यास त्या इतिहासाची तीन पाने कोरी राहतील. योगायोग असा की, या तिन्ही स्वप्नांच्या वाटा आमच्या पुण्याच्या अगदी जवळून, इंद्रायणीच्या काठाने जातात.

पहिले स्वप्न पैठणच्या एकनाथांचे. ज्ञानदेवांनी स्वप्नात येऊन सांगितले की, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीस येऊन ती दूर कर. नाथांनी ही हकीकत स्वतःच अभंगात सांगितली आहे. ते आळंदीस आले, त्यांनी समाधिस्थानाचा शोध केला, आणि त्यानंतर शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरीची रचना शके 1212 ची. मधल्या 294 वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. आता, ज्याच्या कंठास मुळी वेढली आहे तो बोलणार कसा? ज्ञानदेवांचा गळा म्हणजे त्यांचा ग्रंथ, आणि त्यास वेढणारी मुळी म्हणजे अपपाठांची गुंतागुंत, असा अर्थ आम्हांस सरळ दिसतो. नाथांनीही तो तसाच घेतला असावा, कारण आळंदीची मुळी दूर करून ते स्वस्थ बसले नाहीत. पाठ शुद्ध केल्यावर, यात पुढे कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेविली. ग्रंथसंशोधनाचे शास्त्र युरोपातून आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी एका स्वप्नाने मराठीतील पाठशुद्धीचे एवढे मोठे काम करवून घेतले.

दुसरे स्वप्न देहूच्या तुकोबांचे. वास्तविक ती दोन आहेत. एकात नामदेव पांडुरंगासह आले आणि आपल्या संकल्पातील उरलेली अभंगरचना पुरी करण्याचे काम त्यांनी तुकोबांवर सोपविले. दुसऱ्यात, गंगास्नानास जात असता बाबाजी भेटले. त्यांनी मस्तकावर हात ठेविला, राघवचैतन्य व केशवचैतन्य ही आपली परंपरा सांगितली आणि ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला. दिवस माघ शुद्ध दशमी, गुरुवार. तिथी आणि वार तुकोबांनी दिले, शक मात्र दिला नाही, म्हणून संशोधकांत तो एक वादाचा विषय होऊन बसला आहे. आमचे लक्ष वेधले ते वेगळ्याच तपशिलाने. गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात तुकोबांस त्याचा विसर पडला. काही अडचण आली म्हणूनच गुरूंनी निघण्याची घाई केली की काय, अशी रुखरुख त्यांनी नमूद करून ठेविली आहे. मोठेपणा मिरविण्यासाठी रचलेल्या कथेत ही चूक कोणी ठेविली नसती. शिवाय पावशेर हे वाण्याच्या दुकानातील माप. दुष्काळाने ज्याचे दुकान बसविले, ज्याची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, त्याच्या स्वप्नात गुरू येतो तोही तूप मागतो आणि ते देणे राहून जाते! येथे आमची म्हण आणि फ्रॉइड दोघेही आपापला हक्क सांगू शकतील, आणि आम्ही तो नाकारणार नाही.

परंतु तुकोबांच्या आत्मकथनातील क्रम पाहावा. प्रथम संसाराची वाताहत. मग पडक्या देवळाचा जीर्णोद्धार. मग कीर्तनाचा आरंभ आणि संतांच्या वचनांचे पाठांतर. त्यानंतर स्वप्नातील उपदेश. आणि त्याच्या पाठोपाठ कवित्वाची स्फूर्ती. म्हणजे स्वप्नाच्या आधी कष्ट आहेत आणि नंतरही कष्टच आहेत. पुढे काय झाले ते महाराष्ट्रास ठाऊक आहे. काव्य करण्याचा अधिकार नाही म्हणून निषेध झाला, वह्या इंद्रायणीत बुडाल्या आणि तुकोबा देवाच्या दारी धरणे धरून बसले.

तिसरे स्वप्न बहिणाबाईंचे. वेरूळजवळच्या देवगावी शके 1550 मध्ये, म्हणजे 1628 साली, त्यांचा जन्म झाला. बालवयातच शिऊरच्या एका प्रौढ बिजवराशी लग्न झाले, आणि भाऊबंदकीमुळे सारे कुटुंब देशोधडीस लागून फिरत फिरत कोल्हापुरास आले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनातून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले. त्यांच्या मागे मागे कीर्तनास येणारे लाडके वासरू मेले, आणि त्या धक्क्याने त्या बेशुद्ध पडल्या. त्यानंतर कार्तिक वद्य पंचमीस, रविवारी, तुकोबांनी स्वप्नात येऊन मस्तकावर हात ठेविला आणि कानात मंत्र सांगितला. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्रास गुरू करावे, तेही स्वप्नात, हे पतीस सहन झाले नाही. त्यांनी मारहाण केली, पत्नी गरोदर असता तिला टाकून जाण्याचीही तयारी केली. पुढे आजाराने त्यांचे मन पालटले आणि दोघे देहूस आले. तेथेही मंबाजीचा जाच चुकला नाही. हे सर्व बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेविले आहे. जस्टिन अ‍ॅबट यांनी केलेले त्यांचे इंग्रजी भाषांतर 1929 साली पुण्यातूनच प्रसिद्ध झाले.

ही तीन स्वप्ने एकापुढे एक ठेविली असता त्यांतील समान सूत्र लपत नाही. तिन्ही ठिकाणी प्रश्न अधिकाराचा आहे. पूज्य ग्रंथाच्या पाठास हात लावण्याचा अधिकार कोणास? वेदाचा अधिकार नसलेल्या वाण्याने धर्म सांगावा काय? पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने गुरू करावा काय, आणि तो शूद्र असावा काय? जागेपणीच्या जगात या प्रश्नांची उत्तरे देणारे शास्त्री, पंडित आणि पती दाराशी उभे होते. स्वप्नाच्या दारावर मात्र कोणाचा पहारा बसविता येत नाही. जी दीक्षा समाज देऊ देत नव्हता ती स्वप्नात मिळाली, आणि ती परत घेण्याचा उपाय कोणापाशी नव्हता. सतराव्या शतकातील महाराष्ट्रात स्वप्नास जे महत्त्व आले त्याचे एक कारण हे असावे असे आमचे मत आहे.

यावर कोणी म्हणेल, मग हे तर सोयीचे साधन झाले. उद्या कोणीही उठावे आणि स्वप्नाचा दाखला द्यावा. आक्षेप रास्त आहे. स्वप्न खरोखर पडले की नाही हे तपासण्याचे साधन इतिहासकाराजवळ नाही. परंतु त्याच्या मागचेपुढचे आयुष्य तपासता येते. स्वप्नापूर्वी त्या मनुष्याने काही कष्ट केले होते काय? स्वप्न मानल्यामुळे त्यास काही सोसावे लागले काय? आणि नंतर त्याच्या हातून असे काही काम झाले काय की जे इतरांच्याही उपयोगी पडले? शेवटचा प्रश्न तिघांनाही लागू आहे, आणि नाथांची प्रत, तुकोबांची गाथा व बहिणाबाईंचे आत्मकथन हे त्याचे उत्तर आहे. सोसण्याचा वाटा मात्र तुकोबा आणि बहिणाबाई यांच्याकडे अधिक आला, कारण दारही त्यांनाच अधिक बंद होते.

अशीच गोष्ट विसाव्या शतकात घडली. स्विस मनोवैज्ञानिक युंग 1937 च्या अखेरीस हिंदुस्थानात आले होते. दुभंगलेल्या मनाची पूर्णता हाच त्यांच्या शास्त्राचा विषय. कलकत्त्यास ते अतिसाराने आजारी पडून इस्पितळात राहिले आणि परत हॉटेलात आल्यावर त्यांस स्वप्न पडले. ते स्वप्न हिंदुस्थानचे नव्हते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील एका बेटावर ते आहेत आणि ख्रिस्ती आख्यायिकेतील पवित्र पात्र आणण्यासाठी थंडगार पाणी एकट्याने पोहून जाण्याचे काम त्यांच्यावर आले आहे, असे ते होते. हिंदुस्थान हे आपले मुक्कामाचे ठिकाण नव्हे, आपल्या परंपरेचे राहिलेले काम आपण पुरे केले पाहिजे, असा त्याचा अर्थ त्यांनी घेतला. 1961 साली त्यांचे निधन झाल्यावर प्रसिद्ध झालेल्या आठवणींत ही हकीकत आहे. नामदेवांनी तुकोबांस उरलेले काम सांगावे आणि कलकत्त्याच्या हॉटेलात युंग यांस आपले उरलेले काम दिसावे, यांतील साम्य विचार करण्याजोगे आहे.

पूर्णता म्हणजे मनास मिळणारी स्वस्थता असा जो समज हल्ली रूढ आहे, त्यास या उदाहरणांचा आधार मिळत नाही. तुकोबांची पत्नी परत आली नाही, बहिणाबाईंचे वासरूही परत आले नाही. बहिणाबाई पतीस सोडून गेल्या नाहीत. पतिव्रताधर्मावरही त्यांनी अभंग लिहिले, आणि संसार व भक्ती यांतील ओढाताण जन्मभर वागविली. 1700 साली मृत्युसमयी त्यांनी मुलास आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली, आणि हा तेरावा म्हणून सारे एका सूत्रात ओविले. जे तुटले ते तुटलेच राहिले. त्याला अर्थ मात्र आला.

असो. आमच्या त्या विद्यार्थ्यांस आता आम्ही एवढेच सांगू: वही उशाशी जरूर ठेवावी, परंतु तिची अर्धी पाने कोरी सोडावी. डाव्या पानावर स्वप्न लिहावे, आणि त्यापायी दिवसा आपण काय केले ते उजव्या पानावर. उजवी पाने महिनोन्‌महिने कोरीच राहिली, तर चरकाने पहिल्या पाचांविषयी काय सांगितले आहे ते आठवावे. आणि ती भरू लागली, तर एखाद्या रविवारी आमच्याबरोबर देहूस यावे.